जुन्या संगणकाला यूएसबी ऑडिओ इंटरफेस कसा जोडावा?



आपल्यापैकी अनेकांच्या घरी दोन वस्तू धूळ खात पडलेल्या असतात. एक म्हणजे दहा-पंधरा वर्षांपूर्वी घेतलेला संगणक आणि दुसरी म्हणजे कॅसेटींनी भरलेला खोका. बाजारात विकत घेतलेल्या गीतांच्या कॅसेटी गेल्या तर फारसे बिघडत नाही, कारण ती गीते अन्यत्र मिळू शकतात. परंतु त्याच खोक्यात आजोबांचे बोलणे असते, घरच्या लग्नात स्त्रियांनी गायलेली कादोडी किंवा वाडवळी बोलीतील गीते असतात, धर्मग्रामातील गायनमंडळाचा तीस वर्षांपूर्वीचा सराव असतो. या ध्वनिमुद्रणांची दुसरी प्रत जगात कोठेही नाही. ती संगणकात उतरवून घेण्यासाठी जे छोटेसे उपकरण लागते त्यास यूएसबी ऑडिओ इंटरफेस असे म्हणतात.

'हे उपकरण जुन्या संगणकावर चालणार नाही, आधी नवा संगणक घ्या' असा सल्ला सहज दिला जातो. बहुतेक वेळा तो अनाठायी असतो. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीला मिळणारा नियमित आधार संपुष्टात आला. असंख्य धडधाकट संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नसल्यामुळे ते एकाएकी 'जुने' ठरले. असे संगणक भंगारात देण्यापूर्वी त्यांच्याकडून एक महत्त्वाचे काम करून घेता येते. त्यासाठी काय समजून घ्यावे लागते, याचा क्रमशः विचार या लेखात केला आहे.

इंटरफेस नेमके काय करतो?

कॅसेट प्लेअरमधून किंवा मायक्रोफोनमधून निघणारा आवाज हा विजेच्या सतत बदलणाऱ्या दाबाच्या रूपात असतो. संगणकाला केवळ आकडे कळतात. इंटरफेस हा दाब प्रत्येक सेकंदाला हजारो वेळा मोजतो आणि ती मोजमापे आकड्यांच्या रूपात यूएसबीच्या तारेतून संगणकाकडे पाठवतो. ऐकण्याच्या वेळी हीच क्रिया उलट दिशेने घडते.

एका सेकंदात किती वेळा मोजमाप घेतले जाते त्यास सॅम्पल रेट म्हणतात. संगीताच्या सीडीसाठी हे प्रमाण ४४,१०० आहे. प्रत्येक मोजमाप किती बारकाईने लिहिले जाते हे बिटच्या संख्येवरून ठरते. सीडीसाठी ही संख्या १६ आहे.

संगणकालाही आवाज आत घेण्याची छिद्रे असतातच, मग वेगळ्या उपकरणाची गरज काय, असा प्रश्न कोणी विचारील. लॅपटॉपचे गुलाबी खुणेचे छिद्र बहुधा मायक्रोफोनसाठी असते. मायक्रोफोनचा संकेत अत्यंत क्षीण असल्यामुळे तो तेथे कित्येक पटींनी वाढवला जातो. कॅसेट प्लेअरचा बलवान संकेत त्यात सोडल्यास आवाज फाटतो. शिवाय अनेक लॅपटॉपमध्ये हे छिद्र एकाच चॅनलचे असते, त्यामुळे स्टिरिओ ध्वनिमुद्रणाची डावी-उजवी बाजू वेगळी राहत नाही. डेस्कटॉप संगणकाला फिकट निळ्या खुणेचे 'लाइन इन' असते. ते या कामासाठी योग्य होय. परंतु ते संगणकाच्या पोटातच असल्याने आतील पंखा, डिस्क आणि विद्युतमंडले यांची कुरकुर ध्वनिमुद्रणात उतरण्याचा संभव असतो. बाहेर ठेवलेला इंटरफेस या उपद्रवापासून पुष्कळसा दूर राहतो.

जुन्या संगणकाला हा भार पेलतो का?

याचे उत्तर साध्या गणितातून मिळते. सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज म्हणजे ४४,१०० गुणिले १६ गुणिले २, अर्थात दर सेकंदाला सुमारे १४ लाख बिट. यूएसबीचे पहिले प्रमाणमान १९९६ साली आले. १९९८ साली आलेल्या १.१ या सुधारित आवृत्तीची कमाल गती दर सेकंदाला १ कोटी २० लाख बिट इतकी होती. म्हणजे त्या काळच्या जोडणीलाही हा भार तिच्या क्षमतेच्या आठव्या हिश्शाहून कमी होता. २००० साली आलेल्या यूएसबी २.० ची गती दर सेकंदाला ४८ कोटी बिट आहे. पंधरा वर्षांपूर्वीच्या जवळजवळ प्रत्येक संगणकात यूएसबी २.० असतेच.

साठवणुकीचा हिशेबही असाच आहे. साठ मिनिटांची कॅसेट सीडीच्या दर्जात उतरवली तर सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते. २४ बिट आणि ४८,००० सॅम्पल रेट असा वरचा दर्जा निवडला तर एका तासाला साधारण एक गिगाबाइट लागते. शंभर कॅसेटींसाठी सव्वाशे गिगाबाइटची डिस्क पुरते.

थोडक्यात, जुना संगणक दोन चॅनलच्या ध्वनिमुद्रणासाठी दुर्बल नसतो. अडचण येते ती शक्तीच्या अभावामुळे नव्हे, तर उपकरण आणि संगणक यांना परस्परांची भाषा न कळल्यामुळे. हा मुद्दा ध्यानात आला की निम्मे काम झाले असे समजावे.

भाषेचा प्रश्न : ड्रायव्हर

कोणतेही उपकरण संगणकाला जोडले की त्याच्याशी बोलण्यासाठी एक छोटा प्रोग्राम लागतो. त्यास ड्रायव्हर म्हणतात. प्रत्येक उत्पादकाने स्वतंत्र ड्रायव्हर द्यावा लागू नये म्हणून यूएसबीच्या ध्वनी-उपकरणांसाठी १९९८ साली एक सामायिक भाषा ठरवण्यात आली. तिला यूएसबी ऑडिओ क्लास १ असे नाव आहे. ही भाषा बोलणाऱ्या उपकरणांना 'क्लास कम्प्लायंट' म्हटले जाते. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीपासून पुढच्या सर्व विंडोज, मॅक आणि लिनक्स प्रणालींना ही भाषा मुळातच अवगत आहे. असे उपकरण जोडले की वेगळा ड्रायव्हर न टाकता ते ओळखले जाते.

या पहिल्या भाषेला मर्यादा आहे. ती १ कोटी २० लाख बिटच्या जुन्या गतीवर बेतलेली असल्याने २४ बिट, ४८,००० या दर्जात दोन चॅनल आत आणि दोन चॅनल बाहेर, एवढाच भार ती सुखाने वाहते. अधिक चॅनल आणि अधिक सॅम्पल रेट यांसाठी २००६ साली ऑडिओ क्लास २ ही दुसरी भाषा आली. मॅक आणि लिनक्स या प्रणालींनी ती २०१० च्या सुमारास आत्मसात केली. विंडोजला मात्र ही भाषा मुळातून येण्यासाठी २०१७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी विंडोज १० च्या १७०३ या आवृत्तीत तिचा समावेश झाला.

येथेच बहुतेकांची फसगत होते. नव्याने घेतलेला इंटरफेस दुसरी भाषा बोलणारा असतो, त्याच्या खोक्यावर 'क्लास कम्प्लायंट' असे लिहिलेलेही असते. परंतु घरचा संगणक विंडोज ७ चा असतो. मॅकवर आणि भ्रमणध्वनीवर तो तत्काळ चालतो, या संगणकावर मात्र अनोळखी राहतो. उपकरणात दोष नसतो आणि संगणकातही नसतो. अशा वेळी उत्पादकाने विंडोज ७ साठी दिलेला ड्रायव्हर मिळाला तरच काम होते. अनेक उत्पादक असे जुने ड्रायव्हर आपल्या संकेतस्थळावर वेगळ्या विभागात जपून ठेवतात.

ड्रायव्हर शोधताना दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे आपली विंडोज ३२ बिटची आहे की ६४ बिटची. एकीचा ड्रायव्हर दुसरीवर चालत नाही. दुसरी गोष्ट विंडोज ७ पुरती आहे. अलीकडच्या ड्रायव्हरवर एसएचए-२ नावाच्या पद्धतीची सांकेतिक सही असते आणि ती ओळखण्याची सोय विंडोज ७ ला २०१५ साली एका अपडेटद्वारे मिळाली. ज्या संगणकाने वर्षानुवर्षे अपडेट घेतलेलेच नाहीत, तो योग्य ड्रायव्हरही 'सही ओळखता येत नाही' म्हणून नाकारतो.

खरेदीपूर्वी काय पाहावे?

प्रथम आपले काम निश्चित करावे. केवळ कॅसेटी उतरवायच्या असतील तर मायक्रोफोनची सोय असलेला महाग इंटरफेस लागत नाही. लाल-पांढऱ्या आरसीए छिद्रांचा, लाइन पातळीचा साधा इंटरफेस पुरतो. बेहरिंगर कंपनीचा यूसीए २०२ हे याचे परिचित उदाहरण होय. तो पहिल्या भाषेत बोलतो, १६ बिट आणि ४८,००० पर्यंत काम करतो, त्याला लागणारी वीज यूएसबीतूनच घेतो आणि विंडोज एक्सपीवरही वेगळ्या ड्रायव्हरविना चालतो. त्याच्यात मायक्रोफोनचा संकेत वाढवणारे मंडल नाही, हे मात्र विसरू नये.

वृद्धांच्या मुलाखती किंवा गायनमंडळाचे नवे ध्वनिमुद्रण करावयाचे असेल तर तीन खिळ्यांच्या एक्सएलआर जोडणीचा इंटरफेस हवा. कंडेन्सर प्रकारच्या मायक्रोफोनला ४८ व्होल्टची 'फँटम पॉवर' लागते. डायनॅमिक प्रकारच्या मायक्रोफोनला ती लागत नाही. यूएसबीचा दाब ५ व्होल्टचा असतो आणि इंटरफेस त्यातूनच ४८ व्होल्ट निर्माण करतो, म्हणून अशा उपकरणाला यूएसबीकडून अधिक वीज घ्यावी लागते.

विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याला 'हे यूएसबीवर चालते का?' असे विचारणे व्यर्थ आहे. 'हे ऑडिओ क्लास १ मध्ये चालते का, आणि नसल्यास माझ्या विंडोजसाठी ड्रायव्हर उपलब्ध आहे का?' असे विचारावे. शक्य असल्यास उत्पादकाच्या संकेतस्थळावर स्वतः पाहून खात्री करून घ्यावी.

जोडणीचा क्रम

एक. संगणकावरील अन्य सर्व कामे बंद करावीत. उपकरणासोबत उत्पादकाचा ड्रायव्हर असेल तर बहुधा तो आधी टाकावा लागतो आणि सांगितले जाईल तेव्हाच तार जोडावी लागते. क्लास १ चे उपकरण असेल तर तार थेट जोडावी आणि ओळख पटेपर्यंत मिनिटभर थांबावे.

दोन. तार संगणकाच्या स्वतःच्या छिद्रात जोडावी, हबमध्ये नव्हे. वेगळी वीज नसलेला हब प्रत्येक छिद्राला केवळ १०० मिलिअँपिअर पुरवू शकतो. संगणकाचे यूएसबी २.० छिद्र ५०० मिलिअँपिअर पुरवते. डेस्कटॉप संगणक असेल तर पुढच्या छिद्रांपेक्षा मागील, मदरबोर्डला थेट जोडलेली छिद्रे अधिक भरवशाची असतात.

तीन. संगणकाला निळ्या रंगाची यूएसबी ३ ची छिद्रे असतील तर ती टाळून काळे, यूएसबी २ चे छिद्र वापरावे. विंडोज ७ मध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हर मुळात नाही. तो बाहेरून टाकलेला असतो आणि सुरुवातीच्या काळातील अशा काही जोडण्यांशी ध्वनी-उपकरणांचे नीट जमत नाही.

चार. एकदा निवडलेले छिद्र बदलू नये. अनेक उपकरणे छिद्र बदलले की विंडोजला नवी वाटतात आणि केलेली मांडणी पुन्हा करावी लागते.

पाच. 'डिव्हाइस मॅनेजर' उघडून ध्वनी-उपकरणांच्या यादीत नवे नाव आले आहे काय, ते पाहावे. यूसीए २०२ सारखी उपकरणे तेथे 'यूएसबी ऑडिओ कोडेक' या नावाने दिसतात. नावापुढे पिवळे उद्गारचिन्ह असेल तर ड्रायव्हरची अडचण आहे असे समजावे.

सहा. 'कंट्रोल पॅनेल'मधील 'साउंड' उघडून 'रेकॉर्डिंग'मध्ये हे उपकरण निवडावे आणि त्याच्या 'प्रॉपर्टीज'मधील 'ॲडव्हान्स्ड' भाग पाहावा. विंडोज ७ अशा साध्या इंटरफेसला कित्येकदा मायक्रोफोन समजून एकच चॅनल देते. तेथे दोन चॅनल, १६ बिट, ४४,१०० किंवा ४८,००० असे बदलून घ्यावे. 'एन्हान्समेंट' या सदराखालील सर्व 'सुधारणा' बंद कराव्यात.

सात. विंडोज १० असेल आणि उपकरण दिसूनही आवाज शून्य येत असेल, तर 'सेटिंग्ज'मधील 'प्रायव्हसी'त जाऊन 'मायक्रोफोन' वापरण्याची परवानगी दिलेली आहे का, ते पाहावे. २०१८ पासूनच्या आवृत्त्यांत ही परवानगी नसेल तर ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्रामला केवळ शांतता मिळते.

ध्वनिमुद्रणासाठी ऑडॅसिटी हा विनामूल्य प्रोग्राम पुरेसा आहे. डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग यांनी अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात त्याचा आरंभ केला आणि २००० साली तो लोकांसाठी खुला झाला. जुन्या विंडोजवर त्याची जुनी आवृत्ती वापरावी लागते. प्रोग्राममध्ये ध्वनी कोठून घ्यायचा याचे नाव निवडून इंटरफेसचे नाव द्यावे, अन्यथा लॅपटॉपच्या अंगचा मायक्रोफोन खोलीतील पंख्याचा आवाजच टिपत बसेल.

आवाज मध्येच तुटतो, टिक-टिक वाजते

सर्व काही जुळल्यावरही ध्वनिमुद्रणात मध्येच 'टक्' असा आवाज किंवा क्षणभराचा खंड आढळतो. याचे कारण जाणून घेण्यासारखे आहे. आपण पेनड्राइव्हवर फाइल उतरवतो तेव्हा एखादा तुकडा बिघडला तर तो पुन्हा पाठवला जातो. थोडा वेळ अधिक लागतो, पण फाइल अचूक पोहोचते. ध्वनीच्या बाबतीत यूएसबी अशी सवड देत नाही. क्लास १ च्या उपकरणात दर मिलिसेकंदाला एक पुडके निघते आणि ते निघून गेले की गेले. संगणक त्या क्षणी दुसऱ्या कामात गढलेला असेल तर ते पुडके हरवते आणि आपल्याला तेथे 'टक्' ऐकू येते.

म्हणून उपाय दोन प्रकारचे. पहिला म्हणजे संगणकाची अन्य व्यवधाने कमी करणे. वायफाय बंद करावे, कारण जुन्या लॅपटॉपमध्ये वायफायचा ड्रायव्हर हा वारंवार अडथळा आणणारा घटक असतो. विषाणूरोधक प्रोग्रामची ठरावीक वेळची तपासणी त्या वेळेपुरती पुढे ढकलावी. 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये 'हाय परफॉर्मन्स' निवडावे आणि यूएसबीला झोपवणारी 'सिलेक्टिव्ह सस्पेंड' ही सोय बंद करावी. कोणता ड्रायव्हर वेळ खातो हे शोधण्यासाठी लेटन्सीमॉन नावाचा प्रोग्राम उपयोगी पडतो.

दुसरा उपाय म्हणजे बफर वाढवणे. बफर म्हणजे आलेली मोजमापे तात्पुरती साठवण्याची टाकी. ४४,१०० च्या दराने २५६ मोजमापांची टाकी सुमारे ६ मिलिसेकंदांत भरते, तर २,०४८ ची टाकी सुमारे ४६ मिलिसेकंदांत. टाकी मोठी असेल तर संगणकाला श्वास घ्यायला वेळ मिळतो. त्याबदल्यात आवाज आत जाऊन कानी परत येण्यास विलंब लागतो. स्वतःचा आवाज संगणकातून ऐकत गाणाऱ्या गायकाला हा विलंब त्रासदायक होतो. कॅसेट उतरवताना मात्र विलंबाशी आपल्याला काहीच कर्तव्य नसते. तेव्हा बफर निःसंकोच मोठा ठेवावा.

घूं असा अखंड आवाज

कधीकधी ध्वनिमुद्रणात खर्जातील घूं असा अखंड आवाज येतो. आपल्या देशातील घरगुती वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे हा आवाज त्या स्वराचा व त्याच्या पटींचा असतो. कॅसेट डेक आणि संगणक वेगवेगळ्या ठिकाणाहून वीज घेत असले की अर्थिंगच्या दोन वाटा तयार होतात आणि त्या फेऱ्यातून हा आवाज शिरतो. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहावा. पुष्कळदा आवाज तत्क्षणी थांबतो. जुन्या लॅपटॉपची बॅटरी निकामी झालेली असेल तर दोन्ही उपकरणे एकाच एक्स्टेंशन बोर्डवर जोडावीत. ध्वनीच्या तारा विजेच्या तारांपासून दूर ठेवाव्यात.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. आवाज जावा म्हणून तीन पिनांच्या प्लगमधील अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा 'उपाय' काही जण सुचवतात. तो कदापि करू नये. ती पिन आपल्या जिवाच्या रक्षणासाठी असते.

कॅसेट उतरवताना

कोकणपट्टीच्या दमट हवेत ठेवलेल्या कॅसेटींच्या फितीवर पांढरी बुरशी धरते. अशी कॅसेट तशीच लावू नये. ती प्लेअरचे हेड खराब करते आणि बुरशी पुढच्या कॅसेटींनाही लागते. ती जाणकाराकडून स्वच्छ करून घ्यावी. चांगल्या कॅसेटीच्या मागच्या कडेला असलेले दोन चिमुकले प्लास्टिकचे पडदे आधी मोडून टाकावेत, म्हणजे चुकून 'रेकॉर्ड'चे बटण दाबले गेले तरी मूळ ध्वनी पुसला जाणार नाही. कॅसेट एकदा पूर्ण पुढे व पूर्ण मागे फिरवून घ्यावी. प्लेअरचे हेड कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसावे आणि वाळू द्यावे.

डेकला 'लाइन आउट' असेल तर तेथून इंटरफेसच्या आत येणाऱ्या छिद्रांत तार जोडावी. केवळ हेडफोनचे छिद्र असेल तर तेथूनही काम होते. आवाजाची कळ मात्र मध्यावर ठेवून प्रारंभ करावा. ध्वनीची पातळी दाखवणारी पट्टी सर्वांत मोठ्या आवाजाच्या वेळी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील असे पाहावे. शून्याला टेकलेला आवाज कायमचा फाटतो, तो नंतर दुरुस्त होत नाही; हळू आलेला आवाज मात्र वाढवता येतो.

फाइल 'वेव्ह' स्वरूपात जतन करावी. एमपी३ ही नातलगांना पाठवण्यासाठी काढलेली प्रत समजावी, मूळ नव्हे. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे आयएएसएने, किमान २४ बिट आणि ४८,००० असा दर्जा सुचवला आहे. आपला इंटरफेस १६ बिटचाच असेल तर तेवढ्यासाठी काम थांबवू नये. घरगुती कॅसेटीची स्वतःची सरसर १६ बिटच्या मर्यादेपेक्षा पुष्कळ अधिक असते.

फाइलच्या नावात वर्ष, स्थळ आणि गाणाऱ्याचे नाव लिहावे. वृद्ध मंडळी हयात असतानाच त्यांना ऐकवून कोणाचा आवाज कोणता, ते विचारून घ्यावे. प्रती तीन असाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या घरी ठेवावी. ज्यांचा आवाज आहे त्यांची किंवा त्यांच्या कुटुंबीयांची संमती घेतल्याशिवाय ध्वनिमुद्रण सर्वत्र पसरवू नये.

जुन्या प्रणालीची सुरक्षितता

विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी थांबला. असे संगणक महाजालाशी जोडलेले ठेवणे धोक्याचे आहे. सुदैवाने ध्वनिमुद्रणासाठी महाजालाची गरज नाही. संगणक एकटा ठेवावा, फाइल पेनड्राइव्हने काढून घ्याव्या आणि तो पेनड्राइव्ह अन्य संगणकावर तपासून मगच वापरावा. पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीचा असेल तर त्यावर ४ गिगाबाइटपेक्षा मोठी फाइल मावत नाही, म्हणून कॅसेटीच्या प्रत्येक बाजूची फाइल स्वतंत्र करावी.

दुसरा मार्ग लिनक्सचा. संगणकाचा प्रोसेसर ६४ बिटचा असेल आणि मेमरी किमान २ गिगाबाइट असेल तर लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती पेनड्राइव्हवरून, डिस्कवर काहीही न टाकता चालवून पाहता येते. लिनक्सला क्लास १ आणि क्लास २ या दोन्ही भाषा येतात. त्यामुळे विंडोज ७ ने नाकारलेला इंटरफेस तेथे बहुधा विनातक्रार चालतो. उपकरण बिघडलेले आहे की केवळ भाषेची अडचण आहे, याची परीक्षाही अशा प्रकारे एका तासात होते.

वेळ थोडा आहे

२०१९ साली युनेस्कोच्या 'सर्वांसाठी माहिती' कार्यक्रमाने आयएएसएच्या सहकार्याने चुंबकीय फितींविषयी जगाला सावध करणारा एक उपक्रम हाती घेतला. त्यामागचे निदान असे की, फिती टिकल्या तरी त्या वाजवणारी चांगली यंत्रे, त्यांचे सुटे भाग आणि त्यांची दुरुस्ती जाणणारी माणसे २०२५ च्या सुमारास दुर्मीळ झालेली असतील. ते साल आता मागे पडले आहे. आज कॅसेट डेक दुरुस्त करणारा कारागीर शोधू लागलो तर या निदानाचा अर्थ आपल्याला लगेच कळतो.

प्रत्येक कुटुंबाने स्वतंत्र सामग्री घ्यावी असेही नाही. एक सुस्थितीतील डेक, क्लास १ चा एक साधा इंटरफेस आणि कोणाच्या तरी घरी पडून असलेला एक जुना संगणक एवढ्यावर एका गावाचे काम भागू शकते. धर्मग्रामातील तरुणांनी सुटीचे काही दिवस यासाठी द्यावेत आणि ज्येष्ठांनी आपापले खोके उघडावेत. साठ मिनिटांची कॅसेट उतरवण्यास साठच मिनिटे लागतात, ते काम घाईने करता येत नाही. म्हणून आरंभ लवकर करणे हेच श्रेयस्कर होय. ज्या कॅसेटीवर सर्वांत वृद्ध आवाज आहे, ती प्रथम हाती घ्यावी.